तारेचं देणं

मी नर्स म्हणून कामाला लागले तेव्हा पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यावर मला एकच उपाय ठाऊक होता, पोट उघडणं. मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात माझी पहिली नेमणूक झाली. तिथे उजव्या बरगडीखाली लांब टाके पडलेले आणि पोटातून रबरी नळी बाहेर आलेले पेशंट कायम असायचे. त्या नळीला टी-ट्यूब म्हणतात. पित्तनलिका उघडून खडा काढला की ती जागा भरून येईपर्यंत पित्त या नळीतून खाटेला टांगलेल्या बाटलीत यायचं. सकाळी बाटली मोजून आकडा कागदावर लिहायचा, हे आम्हा नव्या मुलींचं काम. काही दिवसांनी नळीतून औषध सोडून एक्स-रे काढायचे, आत काही राहिलेलं नाही याची खात्री झाली की नळी ओढून काढायची. कधीकधी आत खडा राहिलेला दिसायचा. अशा पेशंटचा चेहरा बघवायचा नाही.

माझ्या आत्याचं असंच ऑपरेशन झालं होतं. साताऱ्याकडे आमच्या गावी ती परतली ती लुगड्याच्या आत पिशवी बांधूनच. "खडा काढला गं पोरी, पर वसूल केल्यागत पिशवी गळ्यात घातली," असं हसत म्हणायची. पुढचा एक हंगाम ती रानात गेली नाही. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मोठा आजार म्हटला की मोठी चीर हवीच, अशीच माझी समजूत होती.

एंडोस्कोपी विभागात माझी बदली झाली ती माझ्या इच्छेविरुद्ध. तेव्हा ती खोली म्हणजे वॉर्डातून बाजूला काढलेल्यांची जागा, असा आमच्यात समज होता. शिवाय तिथे विजेचं काम चालतं हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. माझा चुलता उसाच्या रानात मोटार चालू करताना शॉक लागून गेला होता. मी तेव्हा शाळेत होते. त्यानंतर आमच्या घरात ओल्या हाताने बटणाला कोणी हात लावत नसे, आणि मी तर कोरड्या हातानेही लावत नसे. अशा माणसाला 'पेशंटच्या पोटात वायर घालून करंट देतात, तिथे मदतीला उभं राहायचं' असं सांगितलं, तर काय वाटेल?

ती वायर म्हणजे पॅपिलोटोम, तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत जाणारी. काही जण स्फिंक्टरोटोम म्हणतात. दिसायला अगदीच किरकोळ वस्तू. साधारण दोन मीटर लांबीची, दोनेक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी, म्हणजे कॅथेटर. तिच्या टोकाजवळ दोन-तीन सेंटिमीटर उघडी बारीक तार. बाकीची तार नळीच्या आतून मागे मुठीपर्यंत येते. मुठीचा सरकता भाग मागे घेतला की तार ताणली जाते आणि नळीचं टोक धनुष्यासारखं वाकतं. तारेतून करंट सोडला की ती कापते. मुठीला कॉटरी मशीनची, म्हणजे करंट देणाऱ्या यंत्राची, केबल जोडायची एक पिन असते, बस्स. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मनात आलं, एवढ्याशा तारेने काय होणार?

पहिले काही दिवस मी पेशंटच्या मांडीवर त्या मशीनची प्लेट चिकटवायची आणि दोन पावलं मागे सरकायची. दुर्बीण चालवणाऱ्या डॉक्टरांनी, आमच्या सरांनी, ते पाहिलं. ते रागावले नाहीत. त्या दिवशीचं काम आटोपल्यावर लेड ॲप्रन उतरवता उतरवता त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला करंटची भीती वाटते का?" मी चुलत्याचं सांगितलं. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी मला जे समजावलं ते मला नर्सिंगच्या तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. त्या गतीला आपले स्नायू आणि हृदय दाद देतात, म्हणून माणूस चिकटतो, मरतो. या मशीनमधली वीज सेकंदाला काही लाख वेळा दिशा बदलते. इतक्या वेगापुढे नसांना आणि स्नायूंना हलायलाच वेळ मिळत नाही. शरीराला धक्का बसत नाही, फक्त ऊब निर्माण होते. फ्रान्समधल्या दार्सोनव्हाल नावाच्या शास्त्रज्ञाने हे 1890 च्या दशकातच दाखवून दिलं होतं. पुढे 1926 मध्ये अमेरिकेत बोस्टनला बोव्ही या संशोधकाच्या यंत्राने कुशिंग या मेंदूच्या सर्जनने ऑपरेशन केलं आणि ही वीज ऑपरेशन थिएटरात रुळली. बोव्हीची डॉक्टरेट वनस्पतींवरच्या अभ्यासाची होती, असं सर म्हणाले, तेव्हा मला उगीचच धीर आला.

"मग प्लेट कशाला?" मी विचारलं. माझ्या आयुष्यात डॉक्टरांना विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. सर म्हणाले, तारेतून जेवढा करंट आत जातो तेवढाच प्लेटमधून बाहेर येतो. तार बारीक, तिच्या कडेला सगळा करंट एकवटतो, पेशींतलं पाणी क्षणात उकळतं, पेशी फुटतात आणि ऊतक दुभंगतं. प्लेट तळहाताहून मोठी, तिथे तोच करंट पसरतो, कातडी कोमटसुद्धा होत नाही. पण प्लेट नीट चिकटली नसेल, कोपऱ्यावरच टेकली असेल, तर तिथेही भाजेल. "म्हणजे पेशंटची मांडी तुमच्या हातात आहे," ते म्हणाले.

त्या वाक्याने माझी भीती गेली असं नाही, पण तिला काम मिळालं. प्लेट लावायची जागा मी स्वतः बघायला लागले. केस काढायचे, कातडी कोरडी करायची, हाडावर नको, मांसल जागी हवी, सुरकुती नको. अंगावरचे दागिने काढायचे. मंगळसूत्र काढायला बायका कचरायच्या. ते मी त्यांच्याच माणसाच्या हातात त्यांच्या देखत द्यायची, म्हणजे त्या निवांत व्हायच्या. जोडवी वर्षानुवर्षं रुतलेली असली की निघायची नाहीत, मग त्यावर चिकटपट्टी. छातीत पेसमेकर आहे का, हे विचारायचं. ज्या विजेने माझा चुलता नेला तिची अशी रोज उठून विचारपूस करायची वेळ माझ्यावर येईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

मूठ हातात आली ती नंतर. हे काम दोघांचं असतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. दुर्बीण डॉक्टरांच्या हातात, करंटचं पेडल त्यांच्या पायाखाली. पिवळं पेडल कापायला, निळं रक्त थांबवायला. पण तार किती ताणायची ते शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसाच्या अंगठ्यावर. आणि तेव्हा आमच्याकडची दुर्बीण फायबरची होती. डोळा लावायची जागा एकच, तिथे सरांचा डोळा. मला आतलं काहीही दिसायचं नाही. पेशंट पालथा, तोंडात माउथपीस, खोलीत अंधार, एक्स-रेच्या पडद्यावर काळी-पांढरी सावली आणि कानावर सरांचे शब्द. "थोडा बो द्या. अजून. बस. ढिली करा. ढिली."

मला वाटायचं, तार ओढली की कापलं जातं, जसं सुरीने दाबलं की कापतं. म्हणून मी जोर लावायची. सरांनी एकदा माझ्या हातातून मूठ घेऊन बाजूला ठेवली आणि म्हणाले, "कापायचं काम विजेचं आहे. तुमचं काम तारेला फक्त टेकू देण्याचं." तार जास्त ताणली, तिची जास्त लांबी ऊतकात रुतली, तर करंट पसरतो. मग तार कापत नाही, नुसती शिजवते. सूज येते. डॉक्टर पेडल दाबून धरतात आणि मग एकदम सगळं सुटतं, चेन उघडल्यासारखं सरकन खोल कापलं जातं. 'झिपर कट' म्हणतात त्याला. त्यातून रक्तस्राव होतो, कधी आतड्याच्या मागच्या बाजूला भोक पडतं. म्हणून तारेचा पुढचा काही मिलिमीटर भागच आत, ताण हलका, आणि घड्याळाच्या अकरा ते बाराच्या दिशेने थोडं थोडं कापत जायचं. माझा स्वभाव मुळात आडमुठा, काम अडलं की जोर लावणारा. घरीही तसाच. हलका हात ठेवून थांबणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे, हे मला त्या तारेने शिकवलं. माझ्या नवऱ्याने हा फरक माझ्याआधी ओळखला.

मग व्हिडिओ दुर्बीण आली. आतलं चित्र टीव्हीवर. त्या दिवशी मी पॅपिला पहिल्यांदा पाहिली. इतके दिवस जिच्यावर माझ्या अंगठ्याचा ताण पोचत होता ती ही! लहान आतड्याच्या भिंतीवरचा एक लहानसा गुलाबी उंचवटा, टोकाला बारीक भोक. यकृतातून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी, दोन्हींचं तोंड इथेच. जर्मनीतल्या अब्राहम फाटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने 1720 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती 'फाटरची पॅपिला'. तिच्याभोवतीचा स्नायू ओडीच्या नावाने ओळखला जातो.

त्या ओडीबद्दल मला नंतर कळलं. रुग्गेरो ओडी इटलीतल्या पेरुजाचा. 1887 मध्ये या स्नायूवरचं काम त्याने प्रसिद्ध केलं तेव्हा तो वैद्यकीय विद्यार्थीच होता. पुढे जिनोव्हाला शरीरक्रियाशास्त्राच्या संस्थेचा प्रमुख झाला, मग अमली पदार्थ आणि पैशांचे घोळ यात नोकरी गेली, आफ्रिकेत काँगोला डॉक्टर म्हणून गेला आणि 1913 मध्ये ट्युनिसला वारला. जगभर रोज कितीतरी एंडोस्कोपीच्या खोल्यांत त्याचं नाव घेतलं जातं. तो कुठे आणि कसा गेला, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. मला त्याच्याविषयी आदर वाटतो आणि वाईटही वाटतं.

या स्नायूला तोंडावाटे पोचून विजेच्या तारेने छेद द्यायचा, हे धाडस जर्मनीत एरलांगेनला मायनहार्ड क्लासेन आणि लुडविग डेमलिंग यांनी केलं, जपानमध्ये क्योटोला केइची कावाई यांनी. दोन्हीकडचे लेख 1974 मध्येच आले, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. म्हणजे माझ्या आत्याचं पोट चिरलं गेलं तेव्हा ही वाट जगात सापडलेली होती, फक्त आमच्या जिल्ह्यापर्यंत यायची होती. ती मुंबईत आणि देशात पसरली त्यामागे बाहेर जाऊन शिकून आलेल्या माणसांचे कष्ट आहेत. मुंबईचे डॉ. अमित मायदेव हॅम्बुर्गला निब सोहेंद्रा यांच्याकडे शिकले. इंडोनेशियात जन्मलेल्या आणि जर्मनीत नाव काढलेल्या या सोहेंद्रांनीच तुंबलेल्या पित्तनलिकेत दुर्बिणीतून प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी नळी, टाकायची पद्धत रूढ केली. छेद दिल्यावर खडा ज्या तारांच्या जाळीत पकडून ओढतात ती डॉर्मिया बास्केट. तीही एका इटालियन डॉक्टरच्या नावाची, आणि मुळात मूत्रनलिकेतल्या खड्यांसाठी केलेली. यातला कोणीही मला ओळखत नाही. माझी भाकरी मात्र या सगळ्यांच्या उष्ट्यावर झाली.

छेद दिल्यावर काय होतं, हे एका म्हाताऱ्या बाबांमुळे मनात कायमचं बसलं. कोकणातले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, ताप, अंगाला थरथर, बीपी उतरलेलं, बोलणं असंबद्ध. खड्याने पित्तनलिका तुंबून आत पू झाला होता. अशा माणसाला पूर्ण भूल देऊन पोट उघडायचं म्हणजे काय जोखीम असते ते वॉर्डात मी पाहिलेलं होतं. सरांनी नळीचं तोंड गाठलं, मी हलका ताण दिला, पिवळं पेडल दोन-तीनदा टेकलं, आणि टीव्हीवर घट्ट, मळकट पू आतड्यात उतरताना दिसला. मागोमाग काळपट पित्त. खोलीत कोणी काही बोललं नाही. सरांनी त्या दिवशी खडा काढायचा हट्ट धरला नाही, स्टेंट टाकला आणि थांबले. दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले तर बाबा उठून बसले होते आणि चहात साखर कमी आहे म्हणून मावशींशी भांडत होते. पोटावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

असे प्रसंग पाहिले की माणूस त्या तारेच्या प्रेमात पडतो. तेवढंच सांगितलं तर मात्र ते खोटं ठरेल. तिशीच्या आतली एक मुलगी होती. पोट दुखायचं, रक्ताच्या तपासण्या जेमतेम वरखाली, पित्तनलिका फुगलेली नाही. त्या काळी नुसतं निदान करायलाही दुर्बिणीची ही तपासणी व्हायची. काम व्यवस्थित झालं. रात्री वॉर्डात तिचं पोट दुखायला लागलं, पाठीत कळा जायला लागल्या. ती बोलली नाही. पहाटे उलट्या सुरू झाल्यावर कळलं. स्वादुपिंडाला सूज आली होती. पुढे बरेच दिवस ती आमच्याकडे राहिली आणि सुदैवाने बरी होऊन घरी गेली. मी तिला विचारलं, "रात्रीच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सिस्टर कामात होत्या."

ही सूज कोणाच्याही हातून येऊ शकते. अमेरिका-कॅनडातल्या 17 रुग्णालयांतल्या 2,347 पेशंटचा मोठा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या छेदानंतर जवळजवळ दहा टक्क्यांना काही ना काही त्रास झाला होता, पाच टक्क्यांहून थोड्या अधिक जणांना स्वादुपिंडाची सूज, दोन टक्क्यांना रक्तस्राव. ज्याला या तपासणीची गरज सर्वांत कमी त्यालाच तिचा धोका सर्वांत जास्त, असं पीटर कॉटन या ब्रिटिश डॉक्टरांनी पुढे बजावलं. त्या मुलीची आठवण ठेवून मला ते पटलं. आता निदानासाठी एमआरसीपी, म्हणजे एमआरआयने काढलेलं पित्तनलिकेचं चित्र, किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी करतात, आणि तार फक्त काही काढायचं, टाकायचं किंवा मोकळं करायचं असेल तेव्हाच बाहेर येते. सूज टाळायला गुदद्वारातून देतात ती इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी तर किती स्वस्त! 2012 मध्ये तिचा उपयोग मोठ्या अभ्यासाने दाखवला आणि आमच्या खोलीत ती नेमाने द्यायला लागलो. कॉटरी मशीनही आता शहाणी झाली आहेत. पेडल दाबून धरलं तरी थोडं कापतात, थोडं शेकतात, पुन्हा कापतात, त्यामुळे चेन उघडल्यासारखा छेद जायची भीती कमी झाली.

एक गोष्ट लिहू की नको, असं वाटत होतं. पाकिटावर 'एकदाच वापरा' छापलेला पॅपिलोटोम आम्ही धुऊन, ईटीओ गॅसमध्ये निर्जंतुक करून पुन्हा वापरायचो. नवा घ्यायची ऐपत नसलेले पेशंट रांगेत बसलेले असायचे. त्याच्या आत दोन-तीन बारीक मार्ग असतात, एक तारेचा, एक औषधाचा, एक गाइडवायरचा. प्रत्येकात सिरिंजने पाणी मारायचं, मग औषधी द्रावण, पुन्हा पाणी, मग हवा, शेवटचा थेंब बाहेर येईपर्यंत. तार दिव्याखाली धरून बघायची. कुठे काळी पडलेली, पिळलेली, झिजलेली दिसली की तो पॅपिलोटोम कचऱ्यात, मग सर काहीही म्हणोत. हे बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या धुण्याच्या सिंकपाशी मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या वर्गात शिकले नाही. कामाच्या वस्तूकडे इतक्या जवळून बघायची सवय मला तिथे लागली. नंतर नव्या मुली हाताखाली आल्या तेव्हा मी त्यांना आधी सिंकपाशी उभं केलं, मूठ नंतर दिली. त्यांच्यातल्या दोघी-तिघी आज माझ्याहून कितीतरी चांगलं काम करतात.

आत्या शेवटपर्यंत मला विचारायची, "पोट न फाडता खडा काढतात म्हंजे नेमकं काय करतात गं?" मी जमेल तसं सांगायची. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आमच्या येळंला न्हवतं." त्यात तक्रार नव्हती, पण मला दर वेळी अपराधी वाटायचं, जणू मी काहीतरी उशिरा शिकले.

आता निवृत्त आहे. एवढ्याशा तारेचं ऋण कसं फेडायचं, मला माहीत नाही. या तपासणीला जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगता येतील, तेवढ्या सांगते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कोणती, हे आधीच सांगा. पेसमेकर असेल तर सांगा. ही तपासणी नेमकी कशासाठी करायची आहे, खडा काढायला, स्टेंट टाकायला की नुसतं बघायला, हे डॉक्टरांना विचारा. विचारल्याने कोणी रागावत नाही. आणि नंतर पोटात किंवा पाठीत कळ आली, शौचाला काळी झाली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच क्षणी सांगा, रात्र असली तरी, सिस्टर कामात दिसल्या तरी.